अर्ध्या तासाचे जेवण : पुस्तकातली वेळ आणि घरातले घड्याळ

पावसाळ्यातल्या एका बुधवारची गोष्ट आहे. आम्ही दोघेही बेळगावातली आपापली नोकरी आटोपून पावणेसातला घरी पोचलो. घरात पाककृतींचे एक पुस्तक आहे, लग्नात आहेर म्हणून आलेले. त्यातल्या झटपट जेवणाच्या प्रकरणातला राजमा करायचे त्या दिवशी ठरले होते. पाककृतीच्या माथ्यावर 'वेळ ३० मिनिटे' असे स्वच्छ छापले होते. जेवण वेळेवर होणार ह्या भरवशावर आमच्या सासूबाईंनी नेहमीप्रमाणे आठला मधुमेहाची गोळी घेतली. राजमा मात्र आठला कच्चा होता, साडेआठला कच्चा होता आणि नऊ वाजत आले तरी दाताखाली कचकचत होता.

नऊला पाच मिनिटे कमी असताना सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, मला कसंतरीच होतंय. हात बघ कसे थरथरतायत." कपाळावर घामाचे थेंब होते. घरात रक्तातली साखर पाहण्याचे लहान यंत्र आहे. त्यात आकडा ६२ आला. ७० च्या खाली आकडा गेला की साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली असे समजतात. आम्ही लगेच अर्धा पेला पाण्यात तीन चहाचे चमचे साखर घालून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा आकडा ८८ होता. मग दूध आणि पाव दिला. त्या रात्री राजमा कोणीच खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि एवढेच सांगितले, "ह्यांची गोळी जेवणाला बांधा, घड्याळाला बांधू नका. ताट वाढायची तयारी झाली की मगच गोळी." पुढे हसून म्हणाले, "आणि रात्रीचे जेवण रोज एका ठरावीक वेळी होईल असे बघा."

हे दुसरे वाक्य ऐकायला सोपे होते. ते अमलात आणण्यासाठी आम्हाला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत काय शिकलो ते येथे सांगतो. आमच्यासारखी घरे आज पुष्कळ आहेत. नवराबायको दोघे कामावर, मुले शाळेत, घरात एखादे वडीलधारे माणूस औषधावर, आणि संध्याकाळी हातात जेमतेम दीड तास. अशा घरी पाककृतींचे पुस्तक फार उपयोगी पडते, पण ते वाचायची एक रीत आहे.

पुस्तकाचा दोष की आमचा?

प्रथम आमची चूक कबूल करतो. राजमा शिजला नाही तो पुस्तकामुळे नव्हे. साहित्याच्या यादीत पहिल्याच ओळीत 'रात्रभर भिजवलेला राजमा' असे लिहिले होते. आम्ही ती ओळ वाचली संध्याकाळी सात वाजता! मग गरम पाण्यात अर्धा तास भिजवून आम्ही तो कुकरमध्ये घातला, आणि तीन शिट्ट्यांनी तो शिजेल अशी आशा धरली.

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घरोघरी पोचले. ज्यांना आईच्या किंवा सासूच्या हाताखाली शिकायला मिळाले नाही, अशा कितीतरी सुनांनी आणि परगावी एकट्या राहणाऱ्या मुलांनी अशा पुस्तकांवरून स्वयंपाक शिकला. तेव्हा ह्या पुस्तकांविषयी आमच्या मनात आदरच आहे. मात्र पुस्तकात एका पदार्थाचा हिशेब असतो आणि घरात अख्ख्या संध्याकाळचा हिशेब करावा लागतो. दोन्ही हिशेब जुळवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

आम्ही काय केले

आठवड्यातून चार दिवस, सोमवार ते गुरुवार, त्याच पुस्तकातले काहीतरी करायचे असे ठरवले. शाळेच्या एका जुन्या वहीत रकाने आखले : पदार्थ, पुस्तकातली वेळ, आपल्याला लागलेली वेळ, काय अडले, घरच्यांना आवडले की नाही. घड्याळ पाहण्याचे काम धाकट्या मुलीकडे दिले. विळी किंवा सुरी हातात घेतल्यापासून ताटे वाढेपर्यंतची वेळ तिने प्रामाणिकपणे लिहिली.

सहा आठवड्यांत अठरा निरनिराळे पदार्थ झाले. काही दोनदा केले. छापील वेळेत झाले ते फक्त पाच. नऊ पदार्थांना पंधरा ते पंचवीस मिनिटे जास्त लागली. उरलेले चार रविवारीच करावेत असे ठरले. ही जास्तीची मिनिटे कुठे गेली हे वही पाहताना ध्यानात आले. ती कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण : चिरलेला कांदा

पुस्तकात साहित्य दिलेले असते ते असे : चिरलेला कांदा दोन वाट्या, खवलेला नारळ एक वाटी, निवडलेली मेथी एक जुडी. पाककृतीचे घड्याळ सुरू होते ते हे सगळे तयार असल्यावर. कांदा कोणी सोलायचा, नारळ कोणी फोडायचा, मेथी कोणी निवडायची, हे त्या वेळेत धरलेले नसते. आमच्या घरी एक जुडी मेथी निवडून धुवायला अठरा मिनिटे लागली. भाजी शिजायला लागली आठ!

ह्यावरचा उपाय साधा आहे. पाककृती वाचताना साहित्याच्या यादीतली 'चिरलेला', 'किसलेला', 'भिजवलेला', 'वाटलेला', 'उकडलेला' ही विशेषणे पेन्सिलीने अधोरेखित करावीत. प्रत्येक विशेषण म्हणजे स्वतंत्र काम आहे. त्यातले कोणते आदल्या रात्री करता येईल आणि कोणते ऐन वेळी करावे लागेल, हे आधी ठरवावे. मेथी आदल्या रात्री निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवता येते. ती धुवावी शिजवण्याच्या आधी, आणि धुतल्यावर चिरावी. आधी चिरून मग धुतली, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात.

दुसरे कारण : कुकरची शिट्टी

'कुकरमध्ये तीन शिट्ट्या कराव्यात' हे वाक्य वाचून आपण मनात पाच मिनिटे धरतो. प्रत्यक्षात पाच लिटरच्या भरलेल्या कुकरला वाफ धरायलाच दहा-बारा मिनिटे लागतात. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरायला आणखी दहा. म्हणजे शिजण्याची वेळ पाच मिनिटे असली तरी कुकर पंचवीस मिनिटे अडकलेला असतो.

कुकरमध्ये अन्न लवकर का शिजते हेही समजून घ्यावे. उघड्या पातेल्यातले पाणी समुद्रकाठी १०० अंशांवर उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर असल्याने येथे ते ९७-९८ अंशांवरच उकळू लागते. त्यापुढे कितीही आच दिली तरी पाणी जास्त तापत नाही, त्याची नुसती वाफ होऊन जाते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्या वीस-बावीस अंशांच्या फरकाने कडधान्याचा वेळ अर्ध्याहूनही कमी होतो. एकदा पूर्ण वाफ धरली की आच मोठी ठेवून शिट्ट्या मोजत बसण्यात काही अर्थ नाही. पहिली शिट्टी होताच गॅस बारीक करावा आणि मिनिटे मोजावीत. गॅस वाचतो, आणि पदार्थ दर वेळी सारखा शिजतो.

येथे सावधगिरीचा एक शब्द. घाईत शिट्टी उचलून वाफ काढू नये, आणि झाकण जोर लावून कधीही उघडू नये. डाळ-तांदूळ फसफसून वर येतात, म्हणून त्यांचा कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये. वाफेच्या वाटेत डाळीचे टरफल अडकले की अपघात होतो. रबरी रिंग सैल झाली असेल तर बदलावी. ती जुनी झाली की वाफ धरायला जास्त वेळ लागतो. आमच्या घरची बदलल्यावर रोजची चार मिनिटे वाचली.

तिसरे कारण : वाटी आणि चमचा

पुस्तकातली वाटी आणि आपली वाटी एक असेलच असे नाही. आम्ही घरातल्या वाट्या औषधाच्या मापाने मोजून पाहिल्या. सहा वाट्या निघाल्या तीन मापांच्या, १२० पासून २०० मिलिलिटरपर्यंत! भातात पाणी कमीजास्त का होते याचा उलगडा त्या दिवशी झाला. मग १५० मिलिलिटरची एक स्टीलची वाटी निवडून ती पिठाच्या डब्यात कायमची ठेवली. आता घरात कोणीही स्वयंपाक केला तरी मापाची वाटी एकच.

चमच्याचा घोळ ह्याहून मोठा आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ मिलिलिटरचा. 'दीड चमचा मीठ' असे नुसते लिहिले असताना आम्ही एकदा मोठा चमचा घेतला आणि पिठले खारट करून ठेवले. चवीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की एका सपाट चहाच्या चमच्यात पाच ते सहा ग्रॅम मीठ मावते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक सपाट चमचाही पुरता नाही, आणि त्यात लोणचे, पापड, पाव, फरसाण यांतलेही मीठ आले. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पाककृतीत लिहिलेल्या मिठापेक्षा थोडे कमी घालून सुरुवात करावी. कमी पडले तर वरून घालता येते, जास्त झालेले काढता येत नाही.

चौथे कारण : कालचे काम आज

भिजवायचे विसरणे हे आमच्या घरी सर्वांत जास्त वेळा घडले. त्यात राजम्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तेथे प्रश्न नुसता वेळेचा नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास दोन-तीन तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मंद आचेवर, पाणी नीट न उकळता शिजवला, तर हे विष नाहीसे होत नाही. म्हणून राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरला चांगला मऊ होईपर्यंत शिजवावा. बोटांनी दाबल्यावर दाणा लोण्यासारखा चेपला पाहिजे. त्या बुधवारी भूक लागली म्हणून आम्ही तो कचकचीत राजमा खाल्ला नाही, हे बरे झाले.

मूग, मटकी, चवळी यांचे असे भय नाही, पण त्यांनाही वेळ द्यावा लागतो. आम्ही आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवतो : 'सोमवार रात्र, मूग भिजवणे. मंगळवार सकाळ, फडक्यात बांधणे. बुधवार संध्याकाळ, उसळ.' हिवाळ्यात बेळगावच्या थंडीत मोड यायला आणखी अर्धा दिवस लागतो, तेव्हा गाठोडे डब्यात घालून शेगडीच्या जवळ ठेवावे. मोड आणल्याने मुगात क जीवनसत्त्व वाढते. पण उबदार ओलाव्यात मोडांबरोबर रोगजंतूही वाढू शकतात. म्हणून लहान मुलांना, वृद्धांना आणि गरोदर बाईला मोड कच्चे देऊ नयेत, शिजवूनच द्यावेत.

आमच्या परीक्षेला उतरलेले तीन पदार्थ

पाच जणांच्या पुरते माप देत आहोत. वाटी १५० मिलिलिटरची आणि चमचा चहाचा, सपाट.

_भाज्या घातलेली मुगाची खिचडी._ दीड वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, चिरलेल्या भाज्या दोन ते तीन वाट्या (गाजर, फरसबी, मटार, दुध्या, जे असेल ते), नऊ वाट्या पाणी, दीड चमचा मीठ. कुकरमध्येच तेलात जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता आणि आले यांची फोडणी करावी. भाज्या परतून धुतलेले डाळ-तांदूळ घालावेत आणि उकळते पाणी ओतावे. पाणी दुसऱ्या शेगडीवर आधीच तापत ठेवले तर कुकर लवकर वाफ धरतो. पहिली शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर सहा मिनिटे, मग बंद. वाफ जिरेपर्यंत काकडीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर होते. आमच्या घड्याळाने ४० मिनिटे. त्यातली वीस मिनिटे माणूस मोकळा असतो. मधुमेह असलेल्यांनी खिचडी मोजून घ्यावी आणि कोशिंबीर मोकळ्या हाताने वाढून घ्यावी. त्यांच्यासाठी तांदूळ थोडा कमी करून डाळ आणि भाजी तेवढीच वाढवली तरी चवीत फरक पडत नाही.

_पिठले._ दीड वाटी बेसन साडेचार वाट्या गार पाण्यात आधीच कालवून ठेवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पुस्तकात कोरडे पीठ उकळत्या पाण्यात वैरायला सांगितले होते. ते सरावाच्या हाताचे काम आहे, नवख्याने कालवलेलेच घ्यावे. तेलात मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, दोन-तीन मिरच्या आणि दोन कांदे परतून हळद घालावी. वरून कालवलेले पीठ आणि एक चमचा मीठ घालून एकसारखे ढवळत राहावे. दाट झाले की झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर सहा मिनिटे. एकूण वेळ २५ मिनिटे. भाकरी करायला सवड नसेल तर गरम भात किंवा पावही चालतो. बरोबर लिंबाची फोड आणि कच्चा कांदा घ्यावा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. ह्याच कारणासाठी जेवणाला लागून चहा घेऊ नये, चहामुळे लोह कमी शोषले जाते.

_मोड आलेल्या मुगाची उसळ._ मोड आणून तयार असतील तर हा पदार्थ सर्वांत सोपा. तीन वाट्या मोड, एक कांदा, दोन टोमॅटो, पाऊण वाटी ओला नारळ, दोन आमसुले, बोराएवढा गूळ, एक चमचा मीठ. फोडणीत कांदा-टोमॅटो परतून मोड घालावेत, दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवावे. बारा मिनिटांत मूग मऊ होतात. मग नारळ, आमसुले आणि गूळ घालून दोन उकळ्या काढाव्यात. वेळ २८ मिनिटे. गोव्यात ह्याच मुगांच्या गाठी किती चवीने खातात हे आमच्या तिकडच्या वाचकांना सांगायला नको. मधुमेह असलेल्यांच्या वाटणीची उसळ गूळ घालण्याआधी काढून ठेवावी.

'कोणी केले' हा रकाना

दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी वही चाळली. चश्मा काढून म्हणाल्या, "सगळं लिहिलंत, पण कोणी केलं ते नाही लिहिलं." मग तो रकाना घातला. आठवड्याच्या शेवटी पाहिले तर त्यात जवळजवळ सगळीकडे एकच नाव होते. मुलांच्या पप्पांनी ते वाचले, काही बोलले नाहीत, आणि सोमवारी कांदे चिरायला बसले. पहिल्या दिवशी तीन कांद्यांना तेरा मिनिटे लागली. सहाव्या आठवड्यात पाच!

आज आमच्याकडे कामे अशी वाटलेली आहेत. नववीतला मुलगा शाळेतून आल्यावर डाळ-तांदूळ धुऊन ठेवतो आणि पाणी तापवायला लावतो. धाकटी लसूण सोलते आणि ताटे घेते. पप्पा चिरतात. सासूबाई बसल्या बसल्या भाजी निवडतात. फोडणी आणि कुकर आमच्या हाती. पुस्तकातली ३० मिनिटांची पाककृती आता बहुतेक ३५ मिनिटांत होते. आम्ही काही मोठे चपळ झालो नाही. पूर्वी एकापाठोपाठ एक होणारी कामे आता एकाच वेळी होतात, एवढेच. संध्याकाळची वेळ वाचवायची तर नवे यंत्र आणण्याआधी हा रकाना आपल्या वहीत घालून पाहावा.

उरलेल्या भाताविषयी

घाईच्या दिवशी सकाळचा भात संध्याकाळी वापरण्याचा मोह होतो, आणि पुस्तकातही फोडणीच्या भाताला 'पाच मिनिटे' लिहिलेले असते. भात चांगला असेल तर हरकत नाही. पण शिजलेल्या भातात काही जंतूंची बीजे जिवंत राहतात. भात ओट्यावर तासन् तास कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरून लवकर गार करावा, तास-दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि एका दिवसात संपवावा. गरम करताना वाफ निघेपर्यंत तापवावा, तोही एकदाच. सकाळी आठपासून ओट्यावर राहिलेला भात रात्री आठला फोडणी देऊन खाऊ नये, मग वास चांगला येत असला तरी.

परसातली मदत

आमच्या मागच्या दारी दहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक पट्टी आहे. तेथे कढीपत्त्याचे झाड होतेच. आता एका वाफ्यात मेथी, दुसऱ्यात तांबडा माठ आणि कडेने कोथिंबीर लावली आहे. मेथी आणि माठ पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत कापायला येतात. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. दर दहा दिवसांनी एक ओळ पेरावी, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करून पेरावेत, लवकर उगवतात. जागा नसलेल्यांनी खिडकीतल्या रुंद कुंडीत मेथी करून पाहावी. ऐन संध्याकाळी बाजारात न जाता मूठभर ताजी पालेभाजी हाताशी असणे ही फार मोठी सोय आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. पाच माणसांच्या घरात ती रोज दोन किलो होते. सगळी परसातून निघणार नाही, पण रात्रीच्या खिचडीत पडणारी निघते.

थोडक्यात सांगायचे तर

१. पाककृती आदल्या रात्री संपूर्ण वाचावी, साहित्याच्या यादीसकट.
२. पहिल्यांदा पुस्तकात आहे तशीच करावी. फेरफार दुसऱ्या वेळी करावेत आणि ते समासात लिहून ठेवावेत.
३. नवा पदार्थ प्रथम रविवारी करून पाहावा. कामाच्या दिवशी परीक्षेला उतरलेलाच करावा.
४. मापाची वाटी आणि चमचे घरात एकच ठेवावेत.
५. उशीर होणार असे दिसले तर औषधावर असलेल्या माणसाला थांबवून ठेवू नये. घरात दूध, अंडी, पाव, चणे असे काहीतरी तयार असावे.
६. गोळी किंवा इन्शुलिन जेवणाच्या किती आधी घ्यायचे, आणि जेवण लांबले तर काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून कपाटाच्या दारावर लावावे.
७. मधुमेहाच्या माणसाला घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आमच्या घरी आता सोमवार ते गुरुवार आठला ताटे मांडली जातात. सासूबाई डब्यातली गोळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि विचारतात, "झालं का गं? घेऊ का?" आतून "घ्या, आई" असे उत्तर आल्याशिवाय गोळी तोंडात जात नाही. सहा आठवड्यांच्या वहीतून आम्हाला मिळालेली ही सर्वांत मोलाची पाककृती. पुस्तकात ती नव्हती, म्हणून आम्ही झटपट जेवणाच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

आणि राजमा? तो गेल्या महिन्यात एका रविवारी केला. शनिवारी रात्री भिजवला होता. फार छान झाला.